कयाक, तिथी आणि वारा: कर्लीच्या खाडीत उन्हाळी सफर कशी करावी

मे महिन्यात मालवणजवळच्या देवबागला आलेली कुटुंबं घावणे, चहा, आवराआवर करत साडेदहा-अकराला खाडीच्या काठावर पोचतात आणि मग कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी चिंचोळी होडी, मागतात. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं, समुद्राकडून वारा सुटू लागलेला असतो, आणि ओहोटी असेल तर पाणी मुखाकडे ओढत असतं. वीस मिनिटांत दंड भरून येतात, मुलं रडकुंडीला येतात आणि ‘हे काही आपलं काम नाही’ म्हणून सगळे परततात. तीच माणसं त्याच जागी सकाळी साडेसहाला उतरली असती, तर पाण्यातलं माडांचं प्रतिबिंबसुद्धा हलत नसतं.

सिंधुदुर्गातल्या खाड्यांत मी गेली काही वर्षं उन्हाळ्यात वल्हवतो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: कोणत्या दिवशी जायचं हे तिथी ठरवते आणि किती वाजता निघायचं हे वारा. कयाक कुठली, वल्हं किती लांब, हे सगळं त्यानंतर. म्हणून या लेखात सामानाची यादी मुद्दाम मागे ठेवली आहे.

आधी जागा: खाडीच का

कर्ली नदी सह्याद्रीतून पश्चिमेला येते आणि तारकर्लीजवळ समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर असताना दक्षिणेला वळते. तिथून मुखापर्यंत ती समुद्राला समांतर वाहते. मधे वाळूची एक चिंचोळी पट्टी उरते, तेच देवबाग. गावातल्या कित्येक घरांच्या एका बाजूला दर्या आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे. पलीकडच्या काठाला कोरजाई, भोगवे. मुखाशी, संगमावर, ज्याला लोक सुनामी बेट म्हणतात तो वाळूचा उंचवटा आहे.

नवशिक्याला ही रचना फार सोयीची. लाटा पट्टीच्या पलीकडे फुटतात, आत पाणी सपाट राहतं. दोन्ही काठ दिसतात, थकलात तर कुठेही टेकता येतं. उघड्या समुद्रात कयाक उतरवायची तर फुटत्या लाटेतून आत जाणं आणि त्याच लाटेतून परत येणं, या दोन्ही गोष्टी हातच्या असाव्या लागतात. त्या शिकायला एक हंगाम द्यावा लागतो. तारकर्लीच्या पुळणीवरून समुद्र कितीही शांत वाटला तरी पहिली सफर खाडीतच करा.

खाडीतही एक जागा मी नवशिक्यांना कायम वर्ज्य सांगतो: मुख. त्याचं कारण माझ्यावर बेतलेल्या प्रसंगातून आलं आहे. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं अमावस्येच्या दुपारी दोनच्या सुमारास भाड्याच्या कयाकने संगमाकडे निघालो. देणाऱ्याने ‘जवळच आहे’ इतकंच सांगितलं होतं. अमावस्येची ओहोटी जोरात बाहेर चालली होती आणि समोरून पश्चिमेचा वारा. वारा आणि पाणी एकमेकांवर आले की तिथे आखूड, उभ्या लाटा तयार होतात. कयाक त्यांत आडवी झाली की उलटायला वेळ लागत नाही. आम्ही उलटलो नाही, पण परत फिरून पाऊण तास वल्हवल्यावरही काठावरचा तोच माड समोर दिसत होता. शेवटी मासळीच्या एका होडीने दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. त्या होडीवरच्या काकांनी रागावून सांगितलेलं वाक्य मी अजून प्रत्येकाला सांगतो: “वारो सुटूच्या आधी काठार येवक व्हया.”

तिथीवरून भरती कशी काढायची

कोकणात जुना हिशोब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा वाजलेला काटा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन: पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्हीला पंधरा धरायचे, येतात सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकतं. हे उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. फोनवर भरती-ओहोटीचं तयार कोष्टक मिळतं, ते जरूर बघा. पण हा हिशोब डोक्यात असला की कालनिर्णयाच्या पानावरूनच महिनाभराचा बेत करता येतो.

आता पाणी किती चढतं-उतरतं ते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठा चढउतार; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो, भांगाला त्याच्या निम्मा किंवा कमी. मुंबईत हाच फरक उधाणाला चार मीटरच्या वर जातो, म्हणून तिकडच्या खाड्यांचा अनुभव इकडे जसाच्या तसा लावू नका. फरक जितका मोठा, तितकं जास्त पाणी त्याच सहा तासांत आतबाहेर व्हायचं असतं, म्हणजे ओढ तितकी जास्त.

ही ओढ सहाही तास सारखी नसते. पाणी पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकं चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधले दोन तास सगळ्यात जोराचे. नवशिका माणूस सपाट पाण्यात तासाला तीन-चार किलोमीटर जातो. उधाणाच्या मधल्या तासांत, विशेषतः मुखाजवळ, पाण्याचा वेग त्याच्या बरोबरीला येतो. मग कितीही वल्हवा, तुम्ही जागेवरच.

म्हणून दिवस निवडताना असा विचार करा. साडेसहाला निघायचंय, भरतीसोबत खाडीत आत जायचंय, आणि पाणी फिरलं की ओहोटीसोबत साडेनऊच्या आत परत यायचंय. म्हणजे भरती आठच्या आसपास पूर्ण व्हायला हवी. दशमीला साडेसात येतात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शिवाय या तिथी भांगाला लागून असल्यामुळे ओढही मवाळ. महिन्यात असे सहा दिवस मिळतात, तीन शुक्ल पक्षात आणि तीन कृष्ण पक्षात. कुणी मला तारीख विचारली की मी आधी एकादशी कधी आहे ते बघतो. (एकादशीचा उपवास असेल तर केळी, खजूर, शेंगदाण्याचे लाडू बरोबर ठेवा आणि पाणी भरपूर प्या. निर्जळी करणाऱ्यांनी द्वादशीला यावं.)

सुट्टी तिथी बघून मिळत नाही, हे मान्य. शनिवार-रविवार वेगळ्या तिथीला आला तर बेत बदला, वेळ बदलू नका.

अष्टमी-नवमीला भरती सहा-पावणेसातलाच पूर्ण होते. सकाळभर मंद ओहोटी असते. आधी तिच्या विरुद्ध वर जा, दमल्यावर तिच्यासोबत खाली या. हा क्रम उलटा करू नका. ताज्या दमात पाण्याबरोबर लांब जाऊन थकल्यावर विरुद्ध वल्हवणं, यातच सगळ्यात जास्त लोक अडकतात.

त्रयोदशीपासून अमावस्या-पौर्णिमेपर्यंत सकाळभर भरती चढत असते, जोराने. तेव्हा एकमार्गी सफर करा: तारकर्लीहून निघा, भरतीच्या अंगाने नेरूरपारच्या दिशेने वर जा, आणि वरच्या गावात आधी ठरवलेल्या जागी उतरून कयाक टेम्पोत टाकून आणा. टेम्पोची सोय नसेल तर अर्धा-पाऊण तासाचा छोटा फेरा पुरे.

तृतीया ते षष्ठी सकाळी पाणी उतरत असतं आणि साधारण आठ ते साडेदहाच्या दरम्यान पूर्ण सुकती. काठाला गाळ उघडा पडतो. या दिवशी वरच्या गावातून निघून खाली या, पण उतरण्याची जागा वाळूची आणि मुखापासून बरीच आत असलेली निवडा. कुठे उतरायचं ते आदल्या दिवशी त्याच वेळी, म्हणजे ओहोटीलाच, जाऊन बघून या. भरतीला दिसलेला सुंदर काठ सुकतीला ढोपरभर चिखल असू शकतो.

वारा

उन्हाळ्यात रात्री जमीन थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो सौम्य असतो. नऊ-साडेनऊला सगळं थांबल्यासारखं होतं. मग जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. अकरापर्यंत तो अंगाला जाणवतो, दुपारी एक ते चार तो भरात असतो, आणि सूर्य कलेपर्यंत पुरता पडत नाही. एप्रिल-मेमध्ये त्याला वायव्येचा जोर मिळतो. कयाक हलकी आणि पाण्याबाहेर उंच, त्यामुळे वाऱ्याचा मार तिला होडीपेक्षा जास्त बसतो.

म्हणून सहा ते साडेनऊ ही वेळ. मेमध्ये सहाच्या सुमारास सूर्य वर येतो, तेव्हा काठावर हजर राहा. वारा सुटतोय हे कसं ओळखायचं? माडांच्या झावळ्यांची टोकं समुद्राच्या बाजूने हलू लागतात आणि खाडीच्या रुंद भागात पाण्यावर काळसर खडबडीत पट्टे सरकताना दिसतात. हे दिसलं की असाल तिथून परत फिरा, आणि मधून न येता वाऱ्याच्या आडोशाच्या काठाने या. देवबागच्या बाजूला माडांची रांग आहे, तिच्या लगत वारा कमी लागतो.

संध्याकाळची सफर फक्त षष्ठी-सप्तमीला, जेव्हा भरती साडेचार-सव्वापाचला असते, आणि तीही तासाभराची. अंधार पडायच्या आत काठावर.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणखी एक पाहुणा असतो, वळीव. दुपारनंतर पूर्वेला ढग चढताना दिसले किंवा एकदा जरी गडगडलं तरी पाण्यातून बाहेर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जाऊ नका. सपाट खाडीत सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी बघा. हवामान खात्याचा किनारपट्टीचा अंदाज, आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांचा इशारा. दुसरा महत्त्वाचा का, तर एप्रिल-मेमध्ये दूर दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या लाटा इथे वारा नसतानाही पोचतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी संगमावर अचानक मोठं पाणी. असा इशारा असेल त्या दिवशी खाडीच्या खालच्या भागात जायचंच नाही.

कयाक आणि अंगावरचं सामान

इथे भाड्याने मिळतात त्या बहुतेक प्लास्टिकच्या, वरून उघड्या, ‘सिट-ऑन-टॉप’ प्रकारच्या. आपल्या उष्ण हवेला आणि नवशिक्याला याच योग्य. आत अडकण्याची भीती नाही, आलेलं पाणी तळाच्या भोकांतून निघून जातं, उलटली तर पुन्हा चढता येतं. घेण्याआधी तळाला हात फिरवून तडा आहे का बघा, आणि मागचं बूच घट्ट असल्याची खात्री करा. ते सैल असेल तर पोकळ अंगात पाणी भरत जातं आणि तासाभराने कयाक विनाकारण जड, डुगडुगती वाटू लागते.

लाइफ जॅकेटवर तडजोड नाही. पोहता येणाऱ्यानेही घालायचंच, सगळी बक्कलं लावून. दुसऱ्याला सांगा की खांद्यावरचे पट्टे धरून वर ओढ. जॅकेट कानापर्यंत येत असेल तर ते मोठं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलांसाठी जांघेतून जाणारा पट्टा असलेलंच मागा. नसेल, तर त्या दिवशी मुलाला काठावर शंख-शिंपले वेचू द्या. दुकानदार ‘पाणी कमी आहे, काही होत नाही’ म्हणाला तर दुसरीकडे जा. कर्लीच्या खाडीत वाळू काढलेल्या ठिकाणी तळ एकदम खोल होतो आणि वरून ते अजिबात कळत नाही.

बाकी: पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा शर्ट, हनुवटीखाली बांधायचा बंद असलेली टोपी, पट्ट्याच्या सँडल किंवा जुने बूट. चपला चिखलात राहतात, आणि अनवाणी पायाला खडपांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, जॅकेटला बांधलेली शिट्टी, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत फोन, पाच-सहा मीटर दोर. चष्म्याला मागून दोरी. सोनं-नाणं घरी.

पोटात काय असावं? उकड्या तांदळाची पेज आणि थोडं लोणचं, याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. अंगात पाणी जातं, मीठ जातं, जड वाटत नाही. घरगुती निवासात राहत असाल तर मावशींना आदल्या रात्री सांगून ठेवा, पहाटे साडेपाचला पेज तयार असते.

काठावर एक माणूस हवा, ज्याला माहीत आहे की तुम्ही कुठून निघालात, कुठपर्यंत जाणार आणि किती वाजता परतणार. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास झाला की त्याने आधी गावातल्या होडीवाल्यांना आणि मग 112 ला कळवायचं. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या बचावासाठीचा क्रमांक 1554 आहे. एकट्याने, एकाच कयाकने, कधीच नाही.

स्वतःची कयाक घेऊन येणार असाल तर मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथले नियम वेगळे.

बसणं आणि वल्हवणं

पहिली दहा मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात घालवा. कयाक काठाला समांतर ठेवा, आधी बूड टेका, मग पाय आत. उभं राहून पाय टाकायला गेलात की कयाक निसटते. टाचा खाचेत, गुडघे थोडे वाकलेले, पाठ ताठ. मागे रेलून बसण्याचा मोह होतो, पण त्याने सगळं काम खांद्यांवर येतं.

वल्हं डोक्यावर आडवं धरा, कोपरं काटकोनात आली की तीच हातांची जागा. पात्याचा खोलगट भाग आपल्याकडे, आणि त्यावर अक्षरं असतील तर ती सुलटी वाचता यावीत. आता घाव: पातं पावलांजवळ पाण्यात बुडवा, कमरेतून वळत मागे आणा, नितंबाशी आलं की बाहेर काढा. त्यापुढे ओढलं तर ते फक्त पाणी उचलतं. दंडांनी ओढू नका, पोट वळवा. दंड वीस मिनिटांत थकतात, पोट-पाठ दोन तास टिकते. मूठ सैल ठेवा, नाहीतर अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो.

वळायचं असेल तर ज्या बाजूला जायचंय तिच्या उलट बाजूने पातं नाळेपासून, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत मोठ्या अर्धवर्तुळात फिरवा. थांबायचं असेल तर दोन्ही बाजूंना आळीपाळीने उलटे छोटे घाव. एवढं पुरतं.

दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे. पुढचा लय देतो, मागचा ती पाळतो आणि दिशा सांभाळतो. वल्ही एकमेकांवर आपटत असतील तर चूक मागच्याची, कारण पुढच्याला मागचं दिसत नाही. नवरा-बायकोंनी हे निघण्याआधीच ठरवून घ्यावं, पाण्यावर वाद घालण्यात बराच वेळ जातो.

शेजारून होडी गेली आणि लाट आली तर नाळ लाटेकडे वळवा आणि वल्हवत राहा. हातातलं वल्हं पाण्यात असतं तेव्हा कयाक सगळ्यात स्थिर असते. घाबरून दोन्ही कडा पकडल्या की ती डोलते.

उलटली तर

हे काठाजवळ, सोबतीला माणूस असताना, मुद्दाम उलटून शिका. तिथे एकदा केलेलं असलं की खोल पाण्यात हात आपोआप चालतात.

पाण्यात पडलात की आधी कयाकला एक हात, दुसऱ्या हाताने वल्हं. कयाक सोडून काठाकडे पोहत जायचं नाही, कारण ती तरंगते आणि दुरून दिसते. ती पालथी असेल तर पलीकडची कड दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढा, सुलटी होईल. आता मधोमध या, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारा आणि पोटावर आडवे चढा, बेंबी बैठकीच्या मध्यावर येईपर्यंत. मग उताणे व्हा, बूड बैठकीत, शेवटी पाय. उभं राहून किंवा गुडघे टेकून चढायला गेलात तर पुन्हा पलीकडे पडाल. सोबतच्या कयाकवाल्याने पलीकडून कड दाबून धरली तर काम निम्मं होतं. दोनदा करून जमलं नाही तर दम वाया घालवू नका. कयाक धरून तरंगत राहा, तीन लांब शिट्ट्या द्या.

एकादशीची एक सफर

सहाला तारकर्लीच्या खाडीकाठावर. सव्वासहापर्यंत सराव, साडेसहाला प्रस्थान, नाळ वरच्या अंगाला. या वेळी पाणी भरतंय, पण शेवटच्या तासांतलं, सावकाश. पहिला अर्धा तास काठापासून पंधरा-वीस मीटरवरून चला. रात्री टाकलेली जाळी अजून पाण्यात असतात, त्यांची तरंगणारी बुचं ओळीने दिसली की ओळीच्या टोकाला वळसा घालून जा. जाळ्यावरून जाणं टाळता आलंच नाही, तर वल्हं पूर्ण उचलून सरकत जा. एक फाटलेलं जाळं म्हणजे त्या घराचा दोन दिवसांचा खोळंबा.

सातच्या पुढे ऊन कांदळवनाच्या माथ्यावर येतं. खंड्या एका फांदीवरून सूर मारून पुन्हा त्याच फांदीवर येतो, बगळे सुकलेल्या रेवेवर उभे असतात, आणि नशिबात असेल तर समुद्रगरुड दिसतो. पाणमांजरांची जोडी मी दोनदाच पाहिली आहे, दोन्ही वेळा बोलणं बंद ठेवल्यावर.

कांदळवनातल्या अरुंद वहाळात शिरायचं असेल तर ही वेळ, आणि फक्त पाणी चढत असताना. चढत्या पाण्यात तळ टेकला तर पाच मिनिटं थांबा, पाणीच तुम्हाला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकला तर पुढचे पाच-सहा तास चिखलात. असं झालंच, तर उतरून ढकलायला जाऊ नका, पाय रुततात. वजन मागे घ्या, वल्ह्याने ढकला, मदत मागा. आत गेल्यावर फांद्या धरून थांबू नका. कांदळाची मुळं कमानीसारखी बाहेर आलेली, तिवराची पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली. ती त्यांची श्वास घेण्याची जागा आहे, त्यांवर कयाक चढवायची नाही. पांढरी चिप्पी दिसली तर मुलांना दाखवा, 2020 पासून ती महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. गेव्याची फांदी मात्र मोडू नका, तिचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते.

सव्वाआठ-साडेआठला पाणी थबकतं. कचरा, पानं एका जागी गोल फिरू लागतात. इथे थांबून पाणी प्या, काही खा, आणि परत फिरा. खाडीत आत असल्यामुळे पाणी फिरायला थोडा उशीर होईल, पण त्याची वाट बघत बसू नका, वारा तुमच्यासाठी थांबणार नाही. सव्वानऊ-साडेनऊला परत काठावर. त्याच सुमारास देवबागकडे बनाना बोटी आणि जेट-स्की सुरू होतात, म्हणजे आपण निघण्याची वेळ बरोबर साधली.

कर्लीनंतर

दोन-तीन सफरी झाल्या की मालवणच्या उत्तरेला तळाशील-तोंडवळीच्या मागची गड नदीची खाडी बघा. रचना देवबागसारखीच, एका बाजूला समुद्र, एका बाजूला नदी, पण वर्दळ कमी. वरच्या अंगाला मसुऱ्याकडे खाडीत जुवे आहेत, म्हणजे वस्ती असलेली बेटं. तिथे लोक राहतात, होडीने ये-जा करतात. कुणाच्या धक्क्याला कयाक लावण्याआधी हाक मारून विचारा.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत गावातल्या स्वामिनी महिला बचत गटाच्या ताई 2017 पासून स्वतः वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिथे कयाक काढण्याआधी एकदा त्यांच्या होडीत बसाच. कुठल्या झाडाला काय म्हणतात, पाणी कुठे फसवतं, हे तासाभरात कळतं आणि पैसे योग्य हातात जातात.

चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत आणि गोव्यात कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत. त्या बघायला मोठ्या होडीतून जा, कयाकने नको.

उतरताना आणि उतरल्यावर

काठाला येताना शेवटचे दोन मीटर घाई करू नका, पाणी गुडघ्याएवढं झाल्यावर उतरा. उथळ वाळूत पाय उचलून न टाकता घासत चाला, तळाशी पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असेल तर ती चाहूल लागून निघून जाते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. कालवं लागून कापलं तर जखम लहान दिसली तरी गोड्या पाण्याने आणि साबणाने नीट धुवा. दुसऱ्या दिवशी सूज किंवा लाली वाढली तर दवाखाना. डोकं दुखणं, मळमळ, घाम थांबणं ही उन्हाची लक्षणं आहेत. सावली, ओलं फडकं, ओआरएस, आणि माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर थेट इस्पितळ.

कयाक, जॅकेट आणि बक्कलं विहिरीच्या पाण्याने धुवा, कारण मिठाने बक्कलं धरून बसतात. मग कोकम सरबत, आणि दुपारी माशाच्या कढीसोबत भात.

मेच्या अखेरीला सरकारी आदेशाने जलक्रीडा बंद होतात, 1 जूनपासून यांत्रिक मासेमारीही थांबते, आणि काठावरच्या होड्या झावळ्यांखाली शाकारल्या जातात. त्यानंतर ‘एक छोटी फेरी मारून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तरी नाही म्हणा. खाडीत तेव्हा डोंगराचं पाणी उतरत असतं आणि मदतीला यायला पाण्यात एकही होडी नसते. पुढची एकादशी नारळी पौर्णिमेनंतर, पाऊस ओसरल्यावर बघा.